पोरगं दुपारी काय खातं?

“भाऊजी, मुंबईला निघालाच आहात तर माझं एक काम करा. पोरगं दुपारचं काय खातंय, कुठं खातंय, ते डोळ्यांनी बघून या. फोनवर विचारलं की ‘जेवलो’ म्हणतं आणि विषयच बदलतं.”

थोरल्या वहिनीने असे सांगितले तेव्हा मी ते हसण्यावारी नेले. बावीस वर्षांचा मुलगा, आयटीआय झालेला, अंधेरीच्या कारखान्यात फिटर. तो काय उपाशी राहणार? पण वहिनी काही हसली नाही. तिने शेंगदाण्याची चटणी आणि लसणाचे तिखट अशा दोन बरण्या माझ्या पिशवीत घातल्या आणि पुन्हा बजावले, “नुसतं विचारू नका. बघून या.”

माझी अर्जित रजा शिल्लक होती. धाकटी बहीण मुलुंडला असते, तिच्याकडे आठ दिवस राहायचे ठरले होते. पुतण्याला आठवड्याची सुटी मिळायला अजून चार दिवस होते. तेवढ्या वेळात मी ठरवले की रोज दुपारी एका उपनगरात जायचे, सामान्य नोकरदार जिथे जेवतो तिथे जेवायचे, आणि आपल्या पोरांच्या ताटात मुंबईत काय पडते ते पाहायचे. सारा जन्म बांधावर गेला. पिकाची पेरणी, फवारणी, काढणी सांगता सांगता केस पांढरे झाले. ते पीक पुढे कोणाच्या ताटात जाते हे मात्र कधी नीट पाहिले नव्हते.

सुरुवात मुलुंडपासून केली. आज तिथे वीस-वीस मजली इमारती आहेत, पण १९५७ सालापर्यंत मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दीतही नव्हते. त्या वर्षी मुलुंड आणि तिकडे दहिसरपर्यंतची गावे शहरात घेतली गेली. जुने लोक भातखाचरांच्या आणि मिठागरांच्या गोष्टी सांगतात. गावठाणे अजून शिल्लक आहेत, खाचरे गेली.

साडेबारा वाजले की स्टेशनजवळच्या हॉटेलांचा चेहरा बदलतो. सकाळी इडली-वडा खाणारी गर्दी ओसरलेली असते. टेबले पुसली जातात, फळ्यावर खडूने ‘राइस प्लेट’ लिहिले जाते आणि बँकेतले, दुकानातले, वीजमंडळातले, औषध कंपन्यांचे पिशवीवाले असे सगळे एका लोंढ्यात येतात. कोण कोणाच्या टेबलावर बसतो याचा हिशेब नसतो. जागा दिसली की बसायचे. माझ्यासमोर एक वकील आणि एक कुरिअरचा मुलगा शेजारी शेजारी जेवत होते आणि दोघांनाही त्यात काही वावगे वाटत नव्हते. गावच्या पंगतीतसुद्धा इतकी समता मी क्वचित पाहिली आहे.

राइस प्लेट म्हणजे काय ते सांगतो. स्टीलचे खणांचे ताट. तीन चपात्या किंवा पुऱ्या, एक रस्सा भाजी, एक सुकी भाजी, सांबार, रसम, भाताची मूद, दह्याची वाटी, पापड, लोणचे आणि चमचाभर गोड. मी जेवलो त्या दिवशी दीडशे रुपये पडले. पंधरा मिनिटांत माणूस जेवून उठतो, कारण मागे उभा असलेला तुमच्या शेवटच्या घासाकडे बघत असतो.

ही हॉटेले कर्नाटकातल्या उडुपीकडच्या लोकांची. उडुपीच्या कृष्णमंदिराच्या गावातून स्वयंपाकाची परंपरा घेऊन ही माणसे मुंबईत आली. माटुंग्याला दक्षिणेकडची वस्ती होती, तिथे त्यांचा जम बसला. माटुंगा स्टेशनजवळ ए. रामा नायक यांनी १९४२ साली सुरू केलेली उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग ही खानावळ प्रसिद्ध आहे. तिथे केळीच्या पानावर जेवण वाढतात. उपनगरे वाढली तशी ही हॉटेलेही आगगाडीच्या रुळांबरोबर पुढे सरकली. त्या पट्ट्यातली कितीतरी मुले दिवसा हॉटेलात कपबशा विसळून रात्रशाळेत शिकली आणि पुढे स्वतः हॉटेलमालक झाली. आपल्याकडच्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

जेवणाची गर्दी सरल्यावर मी गल्ल्यावरच्या मालकांशी बोललो. शेतीखात्याचा माणूस म्हटल्यावर ते खुलले. मी विचारले, “भाज्यांचे भाव रोज खालीवर होतात, तुमचा फळ्यावरचा भाव मात्र तोच. कसे जमवता?” ते म्हणाले, “साहेब, फळा बदलत नाही, ताट बदलतं.” मग त्यांनी उलगडून सांगितले. टोमॅटो महाग झाला की रसमात चिंच वाढते. २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटो आभाळाला भिडला होता तेव्हा महिनाभर टोमॅटोची कोशिंबीर बंद होती. कांदा चढला की टेबलावरची कांद्याची वाटी निघून जाते आणि कोबी येतो. मटार महाग तर वाटाणा, फ्लॉवर महाग तर दुधी. गिऱ्हाईक कुरकुरत नाही, कारण त्याला ताट भरलेले दिसते.

बंधूंनो, हे मी मुद्दाम लिहितो आहे. आपल्याला वाटते, माल कमी आला की भाव वाढेल आणि वाढतच राहील. पण या शहरात लाखो ताटे अशी आहेत की भाव एका रेषेपलीकडे गेला की ती दुसऱ्या भाजीकडे वळतात. आणखी एक गोष्ट कळली. हॉटेलवाला वाशीच्या बाजारातून कांदा घेतो तो मोठा बघून. लहान कांदा स्वस्त मिळतो, पण सोलणाऱ्या मुलाचा वेळ जातो. गोल्टी कांद्याला भाव का पडतो याचे एक कारण मला मुलुंडच्या त्या स्वयंपाकघरात सापडले.

भात मोकळा आणि बारीक होता. कोणता तांदूळ, असे विचारले तर मालक म्हणाले, “एचएमटी.” हे नाव घड्याळाचे आहे हे पुष्कळांना ठाऊक असते, पण तांदूळ कोणाचा हे ठाऊक नसते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड फकीर म्हणून गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ साली त्यांना आपल्या खाचरात ‘पटेल ३’ या वाणात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, पुन्हा पेरल्या, पुन्हा निवडल्या. दाणा बारीक, उतारा चांगला, भात चवदार. व्यापाऱ्याने त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव त्याला देऊन टाकले. पुढे कृषी विद्यापीठाने नमुना नेला आणि शुद्ध करून ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केला. खोब्रागड्यांना पुरस्कार मिळाले, पण पैसा असा फारसा मिळाला नाही. २०१८ साली ते गेले. मुलुंडला माझ्या शेजारचा वकील तो भात सांबारात कालवून खात होता. त्याला सांगावे असे वाटले, पण तो घाईत होता.

वाढणारा मुलगा झारखंडचा निघाला. घरी दोन एकर भात आहे म्हणाला. भातशेतकऱ्याचा मुलगा दिवसभर दुसऱ्यांना भात वाढतो आणि स्वतः तीन वाजता जेवतो.

दुसऱ्या दिवशी घाटकोपर. मुलुंडहून लोकलने जेमतेम पंधरा-वीस मिनिटे. इथे गुजराती आणि कच्छी वस्ती मोठी. खाऊगल्लीचे नाव फार ऐकले होते, पण ती रंगते संध्याकाळी. दुपारी तिथे निम्म्या गाड्या झाकलेल्या असतात. दुपारचे जेवण थाळीच्या हॉटेलात. फुलके, गोडसर डाळ, कढी, फरसाण, चार भाज्या, आणि वाढणारे इतके आग्रही की आपल्याकडची विहीणसुद्धा हात टेकेल. रोजच्या नोकरदाराला ते परवडत नाही. तो कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रावरून चार पोळ्या आणि एक भाजी बांधून नेतो.

घाटकोपरात मला नवे दिसले ते ‘जैन’ पदार्थ. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, गाजर नाही. जमिनीखाली वाढणारे काहीच नाही. मग पावभाजीत बटाट्याच्या जागी काय? कच्चे केळे. उकडून कुस्करले की ओळखूसुद्धा येत नाही. आपल्या केळीवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे. घड सारा पिकवूनच विकला पाहिजे असे नाही. कच्च्या केळ्यालाही गिऱ्हाईक आहे.

तिसऱ्या दिवशी पुतण्याच्या कारखान्याकडे निघालो. घाटकोपरहून अंधेरीकडे आता मेट्रो जाते. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा ते घाटकोपर ही मुंबईतली पहिली मेट्रो सुरू झाली. पूर्वी हाच रस्ता बसने कापायला तासाहून जास्त लागे, असे बहीण सांगते. मी मरोळ नाक्याला उतरलो. इथे औद्योगिक वसाहत आहे. १९७३ साली स्थापन झालेले सीप्झ हे निर्यात क्षेत्रही जवळच. जिकडे पाहावे तिकडे कारखाने, काचेच्या इमारती आणि त्यांच्या मधल्या फटीत टपऱ्या.

एक वाजता भोंगा झाला आणि फाटकातून माणसे बाहेर पडली. मी येणार हे पुतण्याला सांगितले नव्हते. त्यात थोडी लबाडी होती हे कबूल करतो, पण वहिनीने ‘बघून या’ म्हटले होते.

तो दोन मित्रांबरोबर बाहेर आला. मित्र समोरच्या हॉटेलात शिरले. हा त्यांना हात करून पुढे गेला, कोपऱ्यावरच्या गाडीपाशी थांबला, एक वडापाव घेतला आणि भिंतीला टेकून खाल्ला. वर नळाचे पाणी प्याला. वीस रुपयांत जेवण झाले. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. तो पुन्हा आत जायला वळला तेव्हा मी हाक मारली.

“काका, तुम्ही?” त्याचा चेहराच उतरला.

वडापावाला मी नावे ठेवत नाही. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी त्याची गाडी लावली असे सांगतात आणि तेव्हापासून या शहरातल्या कष्टकऱ्याला त्याने तगवले आहे. पण भुकेच्या वेळी तात्पुरता आधार म्हणून एक वडापाव वेगळा आणि आठ तास लोखंडाशी झटणाऱ्या तरुणाचे रोजचे जेवण म्हणून एक वडापाव वेगळा. मैदा, बटाटा आणि तेल. त्यात ना डाळ, ना पालेभाजी, ना दूध. आपण बैलालासुद्धा नांगरटीच्या दिवसांत पेंड जास्त घालतो.

संध्याकाळी त्याच्या खोलीवर बसून बोललो. साकीनाक्याला चौघांत एक खोली आहे. सुरुवातीला त्याने टाळाटाळ केली, मग सांगितले. गेल्या वर्षी दादाने ठिबकसाठी कर्ज काढले, त्यात डाळिंबाला तेल्या लागून बाग गेली. हप्ता थकला तर बापाची मान खाली जाईल म्हणून हा दरमहा सात हजार रुपये घरी पाठवतो. खोलीभाडे, मेट्रोचा पास, रात्रीचे जेवण भागवून उरते त्यात दुपारचे बसत नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात राइस प्लेट, दुसऱ्यात पुरीभाजी, मग वडापाव. शेवटचे दोन-तीन दिवस चहा-बिस्कीट.

“आईला सांगू नका, काका. ती पैसे घ्यायचीच बंद करेल.”

मी काहीच बोललो नाही. मला आठवले, वहिनी दर महिन्याला ते सात हजार आल्यावर देवापुढे ठेवते आणि म्हणते, “पोरगं पोटभर जेवून उरलेलं पाठवतंय.” (हे सगळे आता वहिनीला ठाऊक आहे आणि पुतण्याला विचारूनच लिहितो आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.)

त्या रात्री मला १९९५ साल आठवले. मी नोकरीला नवा होतो. राज्य सरकारने तेव्हा एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली होती. पुढे अनुदान बंद झाले आणि त्यातल्या कितीतरी केंद्रांवर झुणका सोडून बाकी सगळे विकायला लागले. नंतर २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली: दहा रुपयांत दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात आणि शंभर ग्रॅम वरण. शहरात एका थाळीची किंमत पन्नास रुपये धरली होती, म्हणजे चाळीस रुपये सरकार घालत होते. टाळेबंदीत ती पाच रुपयांना दिली. ज्यांनी ती खाल्ली त्यांना विचारा, त्या दिवसांत तिचे मोल काय होते. पण अशी केंद्रे सरकारी तिजोरीवर चालतात आणि तिजोरीचा भरवसा पावसासारखा. मुलाने पोटासाठी दुसरी काहीतरी कायमची सोय करायला हवी, एवढे मनाशी आले.

दुसऱ्या दिवशी त्याने अर्धी रजा टाकली आणि मला अंधेरीतच एका मालवणी ‘लंच होम’मध्ये नेले. पैसे मी देणार या अटीवर. बांगड्याची थाळी घेतली. तळलेला बांगडा, तिखट कढी, तांदळाच्या भाकऱ्या, भात आणि सोलकढी. मी देशावरचा माणूस, मासे बेताचेच खातो, पण सोलकढीचे मात्र दोन पेले प्यालो. कोकम आणि नारळाचे दूध, बस. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आमच्या शिक्षणाच्या वेळी परसातले दुर्लक्षित झाड म्हणून त्याचा उल्लेख व्हायचा. जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते; तेव्हा बर्फातला मासा येतो आणि जाणते लोक अंडाकरी मागवतात, असे वाढणाऱ्याने हळूच सांगितले. मालकासमोर सांगितले नाही.

तिथे बसल्या बसल्या पुतण्याने एक गंमत सांगितली. त्याच्या कारखान्यात यंत्रे बसवायला जपानहून तंत्रज्ञ आले होते. त्यांच्याकडे ओसाका, टोकियो असल्या शहरांत दुपारी असेच एका किमतीचे ताट मिळते, त्याला ‘तेइशोकु’ म्हणतात. भात, माशाचा तुकडा, थोडे लोणचे आणि मिसो नावाचे सूप. मिसो कशाचे, तर आंबवलेल्या सोयाबीनचे. मी म्हटले, बघ, भात, मासा, लोणचे आणि आंबट पातळ, हे तर मालवणी ताटच झाले. फरक इतकाच की ते लोक सोयाबीन रोज वाटीतून पितात आणि आपण ते पेरतो, तेल काढायला देतो आणि पेंड बाहेर पाठवतो. सोयाबीनला भाव नाही म्हणून ओरड करणाऱ्या आपल्या घरांत सोयाबीनचा एक तरी पदार्थ होतो का, हे ज्याने त्याने पाहावे.

तिथूनच पश्चिम रेल्वेने बोरिवलीला गेलो. एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाची झाडी, दुसऱ्या बाजूला बाजार. इथे एका परिचिताने ‘गावरान जेवण’ अशी पाटी असलेले हॉटेल सांगितले होते. भिंतीवर बैलगाडीचे चाक टांगलेले, कोपऱ्यात जाते ठेवलेले. जात्यावर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी होती. आमच्या आईने हे वाचले असते तर पोट धरून हसली असती.

पिठले, ठेचा, भरले वांगे आणि ज्वारीची भाकरी. भाकरी एकाला तीस रुपये. मी दोन मागवल्या. चांगल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, पदर सुटलेल्या. आजूबाजूला बघतो तर चांगल्या कपड्यांतल्या बाया-माणसे भाकरी मागत होती. शेजारचे गृहस्थ म्हणाले की डॉक्टरांनी गहू कमी करायला सांगितले आहे. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्याचे वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हापासून शहरात ही हवा जास्तच आहे. फळ्यावर ‘मिलेट भाकरी’ असे लिहिले होते. मिलेट म्हणजे आपली ज्वारी, बाजरी, नाचणीच. नाव इंग्रजी झाले की भाव वाढतो.

खिशातून कागद काढून मी हिशेब मांडला. २०२४-२५ च्या हंगामात मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,४२१ रुपये होता. म्हणजे किलोला चौतीस रुपये आणि वर थोडे. चांगली भाकरी शंभर ग्रॅम पिठाची धरली तर तिच्यात ज्वारी साडेतीन रुपयांची. आणि विक्री तीस रुपयांना. प्रथम राग आला. पण मग म्हटले, रागाचा हिशेब खरा नसतो. दळण आहे, गॅस आहे, बोरिवलीतले भाडे आहे, आणि थापणारा हात आहे. पोळी लाटणारे पुष्कळ मिळतात, भाकरी थापणारे मिळत नाहीत.

म्हणून परवानगी घेऊन आत डोकावलो. एक बाई तव्यासमोर बसल्या होत्या. दुपारच्या वेळात शंभर-सव्वाशे भाकऱ्या एकट्या थापतात. लातूरकडच्या. “घरी ज्वारी पेरता का?” मी विचारले. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, “आता समदं सोयाबीन. ज्वारीला पाखरं राखायला कोण बसतंय? काढायला माणूस घावत नाही. खायला रेशनचा गहू-तांदूळ हायेच की.”

या चार वाक्यांत त्यांनी आमच्या खात्याच्या सगळ्या बैठकांचा सारांश सांगितला. मोहोळच्या संशोधन केंद्रावरचा मालदांडी ३५-१ हा वाण आजही कोरडवाहूत टिकून आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीला मानांकन मिळाले आहे, राहुरीने फुले वसुधा, फुले रेवती असे वाण दिले आहेत. वाणाची उणीव नाही. उणीव आहे ती राखणीची, काढणीची आणि घरातल्या तव्याची. आमच्या दादाच्या घरी दोन एकर शाळू असतो, तो कडब्यासाठी. गुरांना वैरण होते म्हणून पेरतात. दाणे कणगीत पडून राहतात, कारण घरात आता पोळ्या होतात. नातवंडे भाकरीला नाक मुरडतात.

पुतण्या माझ्या कागदाकडे बघत होता. म्हणाला, “काका, आमच्या कणगीत तर चार क्विंटल असेल.”

पाचव्या दिवशी रविवार होता. त्याच्या खोलीच्या मागच्या चाळीत एक बाई घरगुती डबे देतात, असे कळले. पाटण तालुक्यातल्या आहेत, नवरा रिक्षा चालवतो. खोली दहा बाय दहाची, त्यातच ओटा, आणि त्यातूनच रोज पस्तीस डबे निघतात. मुंबईत ही परंपरा जुनी आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा गिरणगावातल्या हजारो बाया एकट्या आलेल्या कामगारांना जेवू घालत. सावकाराकडून उसने घेऊन त्या धान्य भरत आणि व्याजातच बुडत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा बायांना एकत्र केले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. गिरण्या गेल्या, बायांचा उद्योग गेला नाही. तो उपनगरात आला.

डबा नव्वद रुपयांना. चार चपात्या, उसळ किंवा भाजी, आमटी, भात. मी खाऊन पाहिला. तेल बेताचे, आमटीला चव घरची. मी एवढेच बघितले की पिण्याचे पाणी झाकलेले आहे का, भात सकाळचा आहे का, आणि भांडी घासायला राख-साबण काय वापरतात. हॉटेल कसे निवडावे असे मला कोणी विचारले तर मी हेच सांगेन. पाटी बघू नका, हात धुवायची जागा आणि मोरी बघा. आणि जिथे रिक्षावाले रोज जेवतात तिथे अन्न ताजे असते, कारण ते उरतच नाही.

नव्वद रुपये महिन्याच्या हिशेबात बसत नव्हते. मी बाईंना विचारले, “धान्य आम्ही दिले तर? ज्वारी. भाकरी करून द्याल?” त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “भाऊ, भाकरी थापून लई दिवस झाले. इथं सगळे चपातीच मागतात. पण द्या. गहू वाचला तर डब्याला पासष्ट रुपयेच घेईन. आणि रोज नाही, आठवड्यातनं चार दिवस.”

आता हे वहिनीला सांगायचे कसे? गावी गेल्यावर मी आधी दादाला बाजूला घेऊन सांगितले. तो बराच वेळ बांधावर बसून राहिला. मग घरात जाऊन त्यानेच वहिनीला सांगितले. ती रडली नाही. उठून कणगीचे तोंड उघडले, दाणे ओंजळीत घेऊन पाहिले आणि म्हणाली, “पीठ करून पाठवते.” मी म्हटले, “पीठ नको. ज्वारीचे पीठ पंधरा दिवसांत कडवट होते. दाणेच पाठव, उन्ह देऊन, कोरडे करून. साकीनाक्याला गिरणी आहे.” तिने दोन दिवस अंगणात ज्वारी वाळवली, खडे निवडले आणि पंचवीस किलोचे पोते मुंबईला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकले. वर शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. सात हजारांचे काय, यावर दोघांचे बोलणे झाले. आता पाच हजार येतात. हप्त्याचे उरलेले दोन हजार दादा दुधाच्या पगारातून भरतो.

मागच्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. ज्वारी संपत आली आहे, या खेपेला पोते मोठे पाठवा म्हणाला. खोलीतले तिघेही आता भाकरीच मागतात आणि धान्याचे पैसे द्यायला तयार आहेत. किलोला काय भाव लावू, असे त्याने विचारले. वहिनी म्हणाली, “पोरांकडनं पैसे कसले घ्यायचे?” दादा म्हणाला, “निदान हमीभाव तरी घे.” त्यांचे अजून ठरायचे आहे. तोवर दुसरे पोते भरून दाराशी ठेवलेले आहे.